सीओटू वेल्डिंग शिकायलात? मग आधी स्वतःचाच जोड तोडून बघा

वाळूजला एका फॅब्रिकेशन शॉपमधी नवीन लागलो होतो तेव्हाची गोष्ट. आयटीआय नुकताच झालेला, रॉडच्या वेल्डिंगवर हात बऱ्यापैकी बसलेला, आणि मिग मशीन, म्हणजे शॉपमधलं सीओटू, पहिल्यांदा हातात आली तर लैच सोपी वाटली. रॉड बदलायचा नाही, स्लॅग (बीडवरची कडक खपली) झोडायचा नाही, ट्रिगर दाबला की वायर आपोआप येते आणि चकचकीत बीड, म्हणजे वितळून बसलेल्या लोखंडाची रेघ, पडते. दुसऱ्याच दिवशी ५ मिमीच्या दोन पट्ट्यांचा टी जॉइंट (आडव्या पट्टीवर दुसरी उभी) मारला आणि मोठ्या तोऱ्यात उस्तादांकडं घेऊन गेलो. त्यांनी बीडकडं बघितलं सुद्धा नाही, जॉब, म्हणजे तो जोडलेला तुकडा, व्हाइसच्या शिकंज्यात आवळला, जिकडं वेल्डिंग नव्हती त्या बाजूनं उभ्या पट्टीवर एकच हातोडा घातला आणि पट्टी आख्खी बीड सोबत घेऊन बाजूला पडली. खालच्या पट्टीवर जिथं बीड बसली होती तिथं माझ्याच ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा. म्हणजे खालचं लोखंड वितळलंच नव्हतं, भिंतीवर गवरी थापावी तसं वरून निस्तं चिकटलं होतं.

रॉडनं वाईट वेल्डिंग केली तर ती वाईट दिसते तरी. मिगचं तसं नाही, ती वरून गोरीगोमटी दिसते आणि आतून पोकळ असू शकते. म्हणून या लेखात बीड सुंदर कशी दिसंल यावर कमी आणि ती आतपर्यंत कशी धरंल यावर जास्त लिहायलो.

नावाचा घोळ आधी मिटवू. आपल्याकडं शॉपमधी सगळे हिला सीओटूच म्हणतात, पुस्तकात शुद्ध कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉन-सीओटू मिक्स वापरलं की मॅग म्हणतात, मिग म्हणजे नुसता आर्गॉनसारखा निष्क्रिय गॅस. काम तेच, मशीन तीच. खाली मी साध्या एमएस (माइल्ड स्टील) लोखंडाबद्दल आणि ०.८ मिमीच्या तांब्याचा मुलामा दिलेल्या वायरबद्दल बोलायलो, बॉक्सवर ईआर ७० एस-६ लिहिलेलं असतं ती. ॲल्युमिनियम-स्टेनलेसच्या नादी सहा महिने तरी लागू नका.

आर्क मारायच्या आधीची कामं, जी कुणीच मन लावून करत नाही

पट्टी जालन्याच्या रोलिंग मिलमधनं नवी कोरी आलेली असो नाहीतर भंगारातनं किलोवर उचललेली, तिच्यावर काळी-निळी पापडी असतेच. ही पापडी म्हणजे गंजाचाच भाऊ. रॉडवरचा लेप, म्हणजे फ्लक्स, थोडीफार घाण खाऊन टाकतो, मिगच्या वायरला फ्लक्स नाही, त्यामुळं ती घाण थेट बीडमधी जाते. जोडाच्या दोन्ही बाजूंनी एक-एक इंच ग्राइंडर फिरवा, लोखंड पांढरं चमकलं पाहिजे. ऑइल असंल तर आधी पुसून घ्या, पण ब्रेक क्लीनरसारख्या क्लोरीनवाल्या स्प्रेनं पुसून लगेच आर्क, म्हणजे वायर आणि लोखंडामधली विजेची ज्योत, मारू नका, त्यातनं विषारी वायू तयार होतो.

अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर किंवा गंजक्या टेबलावर लावून आर्क नीट येईना म्हणून मशीनला शिव्या देणारे लोक मी मोक्कार बघितलेत. क्लॅम्प स्वच्छ लोखंडावर, जमलं तर थेट जॉबलाच लावा.

मग मशीनचं झाकण उघडा. साध्या वायरला टॉर्च (हातात धरायची बंदूक) प्लसवर आणि अर्थ मायनसवर. बिनगॅसची फ्लक्सवाली वायर असंल तर बहुतेक वेळा उलटं, आणि बऱ्याच छोट्या मशीन दोन्हीला चालतात म्हणून आधी कुणीतरी बदलून ठेवलेलं नाही ना ते बघून घ्या. वायर ढकलणाऱ्या रोलरच्या खाचेवर ०.८ लिहिलेलं दिसलं पाहिजे, टॉर्चच्या टोकाला वायर जिथनं निघते त्या टिपवर पण ०.८. रोलरचं टेन्शन बघायचं तर टॉर्च लाकडाच्या फळीवर तिरकी धरून ट्रिगर दाबा, वायर फळीला टेकून गोल वळत बाहेर आली पाहिजे. आत रोलरवरच घसरली तर थोडं आवळा. लै आवळलं तर वायर चपटी होते, केबलच्या आतल्या नळीत, म्हणजे लायनरमधी, अडकते आणि रोलरपाशी सुगरणीच्या खोप्यासारखा गुंता होऊन बसतो, मग निम्मा तास तो कापत बसा. केबलला गोल वेटोळी घालून ठेवली तरी हेच होतं, ती सरळ पसरून ठेवा.

टिप हा लै स्वस्त भाग आहे आणि लोक तिच्यातच कंजुषी करतात. भोक घासून लांबुळकं झालं की वायर आत हालते, आर्क थरथरते, आणि शिकणाऱ्या पोराला वाटतं आपलाच हात कापतोय. खिशात दोन-चार टिपा जास्तीच्या ठेवा.

गॅस, आणि उन्हाळ्यातला पंखा

०.८ च्या वायरला मिनिटाला १० ते १२ लिटर गॅस पुरतो. जास्त सोडला की जास्त चांगलं असं नाही, २०-२२ वर नेला की तो नोझलमधनं (टिपभोवतीच्या नळकांड्यातनं) भोवरा करत निघतो आणि बाहेरची हवा आत ओढून घेतो. शुद्ध सीओटू असंल तर रेग्युलेटरला हिटर लागतो कारण सिलिंडरमधी तो पातळ स्वरूपात भरलेला असतो, बाहेर येताना एवढा थंड पडतो की रेग्युलेटरवर बर्फ जमतो आणि फ्लो कमीजास्त व्हायला लागतो. हिटरची वायर बोर्डात घातलीय का हे रोज सकाळी बघायची सवय लावा. आर्गॉन ८० आणि सीओटू २० च्या मिक्समधी छर्रे (वितळलेल्या लोखंडाचे थेंब) कमी उडतात, बीड मऊ पडते, पण महाग. शिकायला सीओटू काही वाईट नाही, उलट आत चांगला घुसतो.

आता आपल्याकडची खास अडचण. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधी पारा ४२ ला टेकलेला, अंगात जाडा शर्ट, हातात लेदरचे ग्लोव्हज, तर माणूस फर्राटा पंखा अंगावर घेणारच. माझ्या सोबतच्या एका पोराच्या बीडला अचानक पोळ्यासारखी भोकं पडायला लागली. त्यानं वायर बदलली, सिलिंडर बदलला, नोझल साफ केलं, दोन तास गेले. शेवटी जेवायच्या सुट्टीत लाइट गेली आणि आल्यावर पंखा चालू करायचा राहून गेला तर बीड एकदम गुळगुळीत! पंखा गॅस उडवून नेत होता, बाकी काही नाही. पंखा पाहिजेच तर पाठीमागून, खालच्या स्पीडवर, आणि जॉबच्या आडोशाला एक पत्रा उभा करा. शेतात ट्रॉलीचं काम करायची वेळ आली तर ताडपत्रीचा आडोसा केल्याशिवाय मिग चालतच नाही, तिथं सरळ रॉडच वापरलेला बरा.

मशीनवर ड्यूटी सायकल ६० टक्के असं काही लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ त्या ॲम्पिअरला १० मिनिटांतली ६ मिनिटं वेल्डिंग आणि ४ मिनिटं आराम. आणि हा हिशोब साधारण ४० डिग्री हवेसाठी केलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात ती त्याआधीच कट मारू शकते, तेव्हा घाबरू नका, बंद करू नका, तिचा पंखा चालू राहू द्या.

सेटिंग: अंदाजानं नाही, मोजून

मिगवर दोनच मुख्य बटणं. एक वायर स्पीड, तेच करंट ठरवतं. दुसरं व्होल्टेज, ते आर्कची लांबी आणि बीडची रुंदी ठरवतं. सुरुवात कुठून करायची तर १ मिमी जाडीला साधारण ४० ॲम्पिअर धरा, म्हणजे ३ मिमीला १२०. ५ मिमीला हिशोबानं २०० येतात, पण ०.८ च्या वायरवर १५० च्या आसपास काम चालतं, त्याच्या वर जायचं तर जाड वायर घ्या. व्होल्टेजसाठी एक जुना हिशोब आहे, १४ अधिक ॲम्पिअरचा विसावा भाग. १०० ॲम्पिअरला १४ अधिक ५ म्हणजे १९ व्होल्ट, १५० ला २१.५. मिक्स गॅस असंल तर त्यातनं एक-दीड व्होल्ट कमी करा. १६ गेजच्या (साधारण १.६ मिमी) चौकोनी पाइपाला ६०-७० ॲम्पिअर आणि १७ च्या आसपास, नाहीतर भोक पडलंच म्हणून समजा.

काही मशीनवर आकडेच नसतात, निस्ते १ ते १० लिहिलेलं असतं. तिथं वायर मोजा. रोलर मोकळा असताना नाही बरंका, नीट लावलेला असताना, टॉर्च जॉबपासून आणि अर्थपासून लांब धरून ६ सेकंद ट्रिगर दाबा, जेवढी वायर बाहेर आली तिला दहानं गुणा, ते मिनिटाला मीटर झाले. ०.८ च्या वायरला मिनिटाला ५ मीटर म्हणजे साधारण १०० ॲम्पिअर, साडेसात म्हणजे १५०. फोनवर स्टॉपवॉच सगळ्यांकडं आहे, हे करायला दोन मिनिटं लागत नाहीत.

मग कानानं ऐका. बरोबर सेटिंगचा आवाज म्हणजे गरम तेलात मोहरी तडतडते तसा, बारीक आणि न थांबणारा. टक... टक... करत वायर जॉबला धडकून टॉर्च मागं ढकलायली तर व्होल्टेज कमी किंवा वायर जास्त. फुसफुस आवाज येऊन वायरच्या टोकाला मोठा गोळा लटकतोय आणि टिपलाच जाऊन चिकटतोय तर व्होल्टेज जास्त किंवा वायर कमी. एका वेळी एकच बटण फिरवा, आणि जे फिरवलं ते खडूनं त्याच पट्टीवर लिहा: ॲम्पिअर, व्होल्ट. हे न लिहिणारे वर्षभर तेच तेच फिरवत बसतात, मी स्वतः बसलेलो.

गावाकडं सिंगल फेजवर छोटी मशीन चालवत असाल तर अजून एक. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, त्यात लांबलचक बारीक एक्स्टेन्शन वायर असली तर अजून पडतं. सकाळी लिहिलेलं सेटिंग संध्याकाळी लागत नसंल तर आधी बोर्डावर मीटर लावून बघा.

आर्क नाही, पाणी बघा

आता खरं काम. नवीन पोरगं हेल्मेट खाली केलं की त्या पांढऱ्या उजेडाकडं बघत राहतं. उजेडात काही नाही. उजेडाच्या मागं लोखंडाचं जे वितळलेलं डबकं असतं, उस्ताद त्याला पाणी म्हणायचे, ते बघायचं. १०० ते १५० ॲम्पिअरला १० किंवा ११ नंबरची काच लावा, त्यात पाणी दिसलं पाहिजे. दिसत नसंल तर आधी बाहेरची पारदर्शक काच बदला, ती छर्ऱ्यांनी आंधळी झालेली असते आणि लोक डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातात. चाळिशीच्या पुढच्यांनी आत जवळच्या नंबरची काच बसवून घ्यावी, लाजायचं काही कारण नाही.

पाण्याच्या पुढच्या कडेवर वायर टेकली पाहिजे. सगळी गोम इथंच आहे. वायर पुढच्या कडेवर असंल तर आर्क थेट थंड लोखंडावर पडते, ते वितळवते आणि मागनं पाणी भरत येतं. पण तुम्ही हळू गेलात, किंवा उतारावर वेल्डिंग करायलात, तर पाणी वायरच्या पुढं पळतं, आर्क त्या पाण्यावरच पडते, खालच्या पट्टीपर्यंत पोचतच नाही, आणि माझ्या त्या पहिल्या जॉइंटसारखी गवरी थापली जाते. हळू गेलं म्हणजे आत जास्त घुसतं हा गैरसमज लै जणांचा आहे, माझा पण होता.

वायरचं बाहेर आलेलं टोक, म्हणजे टिपपासून जॉबपर्यंतचं अंतर, १० ते १२ मिमी ठेवा. टॉर्च वर उचलली की करंट आपोआप पडतो, गॅस पण पातळ होतो. बरेच जण सुरुवातीला बरोबर धरतात आणि चार इंच गेल्यावर हात वर जातो, बीड सुरुवातीला रुंद आणि शेवटाला उंच-बारीक दिसली तर हेच झालंय असं समजा.

टॉर्चचा कोन १० ते १५ डिग्री, बस. टॉर्च ओढत नेली तर बीड अरुंद पडते, आत जास्त जाते आणि पाणी मागं स्पष्ट दिसतं. ढकलत नेली तर बीड पसरट आणि आत कमी जाते, पण पुढची रेघ दिसते. पातळ पत्र्याला ढकला, ५ मिमीला आधी ओढून शिका. टी जॉइंटमधी टॉर्च दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध ४५ डिग्रीला. उभ्या पट्टीकडं जास्त झुकली तर वरच्या कडेला खाच पडते, तिला अंडरकट म्हणतात, आणि बीड खाली लोंबते.

स्पीडसाठी सोपा सराव आहे. १५ सेंटीमीटरची रेघ खडूनं आखा आणि ती ३० सेकंदात पूर्ण करा. आधी ट्रिगर न दाबता, हेल्मेट वर ठेवून, तीन-चार वेळा निस्ता हात फिरवा. कोपर टेबलावर टेकवा, दुसऱ्या हातानं नोझलच्या मागं आधार द्या. हात शेवटपर्यंत पोचत नसंल तर ते आर्क चालू असताना कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. झिगझॅग, गोल गोल, चंद्रकोर असले नखरे पहिला महिनाभर करू नका, सरळ रेघ.

दर वेळी सुरू करायच्या आधी वायरच्या टोकाचा गोळा पकडीनं तोडा, आर्क लगेच पेटते. सुरुवातीला पट्टी थंड असते म्हणून टोकापासून १० मिमी आत पेटवून मागं टोकापर्यंत या आणि मग पुढं चला. शेवटाला एकदम ट्रिगर सोडला तर खड्डा राहतो आणि तडा बहुतेक तिथनंच जातो, म्हणून शेवटी जरा मागं येऊन एक सेकंद थांबा, खड्डा भरा, आणि ट्रिगर सोडल्यावरही टॉर्च तिथंच धरा, गॅस थोडा वेळ येत राहतो, त्यात ते थंड होऊ द्या.

तोडायचा कार्यक्रम

५ मिमीच्या पट्टीचे १० सेंटीमीटरचे तुकडे कापून ठेवा. टी जॉइंट टॅक करा, म्हणजे बारीक ठिपके मारून जागेवर धरा, आणि एकाच बाजूनं वेल्डिंग करा, दोन्ही बाजूंनी केली तर तोडता येणार नाही. थंड झाल्यावर व्हाइसमधी धरून बिनवेल्डिंगच्या बाजूनं हातोडा घाला, म्हणजे उभी पट्टी बीडच्या अंगावर झोपली पाहिजे. डोळ्याला गॉगल पाहिजेच.

पट्टी झोपली आणि बीड तुटलीच नाही तर पार्टी द्या. बीड मधोमध फाटली आणि आत राखाडी, दाणेदार दिसलं तरी ठीक, म्हणजे दोन्हीकडं धरलं होतं. आतमधी टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर गॅस, वारा किंवा घाण. पण बीड पूर्ण निघून आली आणि खाली ग्राइंडरच्या रेघा किंवा पट्टीची धार शाबूत दिसली, तर तो जोड नव्हताच. तेव्हा क्रमानं बघा: वायर पाण्याच्या पुढच्या कडेवर होती का, मग टोक लांब होतं का, मग कोन, आणि मग ॲम्पिअर वाढवा. पोरं आधी ॲम्पिअरच वाढवतात.

छोट्या मशीनवर आपण जी वेल्डिंग करतो तिच्यात वायर सेकंदाला कित्येक वेळा पाण्याला टेकून तुटते, हिला शॉर्ट सर्किट पद्धत म्हणतात, आणि ती थंड असते. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या (एडब्ल्यूएस) डी १.१ या लोखंडी बांधकामाच्या नियमावलीत बाकीच्या काही पद्धतींना ठरलेल्या चौकटीत वेगळी चाचणी न घेता मान्यता आहे, हिला नाही, हिची चाचणी करूनच दाखवावी लागते. एवढे मोठे लोक हिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत तर आपण ट्रॉलीच्या हुकाला का ठेवायचा. मी स्वतः एकदा नांगराचा पाय छोट्या मशीननं जोडून दिला होता, बीड बघून शेतकरी खूश, मी पण खूश. चार दिवसांनी माणूस पाय हातात घेऊन परत आला. जाड कामाला धार तासून व्ही आकाराची खाच करा, किंवा मोठी मशीन आणि जाड वायर घ्या, किंवा सरळ रॉड.

शरीराचं

टेरिकॉट-नायलॉनचा शर्ट घालू नका, तो वितळून कातडीला चिकटतो, जाडा सुती घाला. डोळ्यात आर्क गेली तर तेव्हा काही वाटत नाही, रात्री डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतं. बटाट्याचे काप ठेवायची पद्धत आहे, थंडावा वाटतो एवढंच, दुखणं जास्त असंल तर डॉक्टरकडं जा. गॅल्वनाइज्ड पाइपाची झिंक घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नका, त्या पांढऱ्या धुरानं संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. गूळ खाल्ला की धूर निघून जातो असं सगळ्या शॉपमधी म्हणतात. गूळ खा, चांगला लागतो, पण दार-खिडकी उघडी ठेवा. आणि डिझेलचं रिकामं टिपाड कुणी कितीही ओळखीचा घेऊन आला तरी हात जोडून परत पाठवा, आतल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो.

सपाटवर टी जॉइंट सलग दहा वेळा तुटला नाही की मग लॅप जॉइंट (एकावर एक पट्टी), मग मधी २ मिमी फट ठेवून बट जॉइंट (कडेला कड), आणि सगळ्यात शेवटी उभी वेल्डिंग. उभ्यात ५ मिमीला खालून वर जायचं, वरून खाली येणं पातळ पत्र्यापुरतंच, कारण वरून खाली येताना पाणी वायरच्या पुढं पळतं. का ते आता तुम्हाला माहितीय.